हात थरथरत नाही, रंग घट्ट आहे

*वाचकाचं पत्र*

नमस्कार काका,

मी साताऱ्याजवळ राहते, पतपेढीत नोकरी करते, वय 31. बाबांची 1986 ची काळी बुलेट घरी आहे. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. टाकीवरची सोनेरी रेघ उजव्या बाजूला, जिथे त्यांचा गुडघा टेकायचा तिथे, वीतभर पुसली गेली आहे. गॅरेजवाले म्हणतात, टाकी पूर्ण घासू, नवा रंग मारू, वर स्टिकरची पट्टी लावू, एका दिवसाचं काम. मला मात्र ती रेघ माझ्या हातानं ओढायची आहे. अमेरिकेतल्या लोकांचे पिनस्ट्रायपिंगचे, म्हणजे गाडीवर हातानं बारीक रेघा ओढण्याचे, व्हिडिओ बघून तलवारीच्या आकाराचा ब्रश मागवला. हार्डवेअरच्या दुकानातून ऑइल पेंटचा छोटा डबा आणला, गॅरेजमधून बाटलीभर थिनर घेतलं. तीन आठवडे रोज रात्री जुन्या पत्र्यावर सराव करते आहे, त्याचे फोटो सोबत पाठवले आहेत. रेघ सुरुवातीला फुगते आणि चार बोटं पुढे गेली की फाटते. माझा हात लहानपणापासून जरा थरथरतो. रांगोळी बरी काढते, पण हे काही जमत नाही. दसऱ्याला गाडीची पूजा असते, तोवर व्हावं असं वाटतं. हात थरथरणाऱ्या माणसाला हे काम येतं का? आणि आपल्याकडे कुणी शिकवतं का?

*उत्तर*

तुमचे तिन्ही फोटो मी मोठे करून, चष्मा पुसून पाहिले. आधी तुमच्या हाताचं सांगतो, कारण तीन आठवडे तुम्ही त्याला बोल लावताय आणि त्याचा काही दोष नाही.

हात थरथरला की रेघेच्या दोन्ही कडा एकाच वेळी हलतात. नदी वळते तेव्हा दोन्ही काठ बरोबर वळतात तसं. रेघ नागमोडी होते, पण तिची रुंदी तेवढीच राहते. तुमच्या फोटोत तसं कुठेच नाही. तुमची रेघ दिशेला सरळ आहे. कडा मात्र करवतीसारख्या दातेरी आहेत, आणि चार बोटांनंतर मधूनमधून पत्रा दिसायला लागतो. हे रंगाचं दुखणं आहे. ब्रशमधला रंग वाटेतच आळून बसतोय.

का आळतोय, तेही तुमच्या पत्रातच आहे. तुम्ही गॅरेजमधून थिनर आणलंत. गॅरेजमध्ये सहसा असतं ते एनसी थिनर, लॅकर नावाच्या झटकन वाळणाऱ्या रंगासाठीचं. ते हवेला लागताच उडून जातं. हार्डवेअरच्या दुकानातला ऑइल पेंट म्हणजे सिंथेटिक इनॅमल, त्याला लागतं टर्पेंटाइन, जे सावकाश उडतं. तुम्ही ब्रश भरता तेव्हा रंग बरा असतो. वीतभर अंतर जायच्या आत थिनर उडून जातं, केसांत उरतो तो चिकट रंग, आणि रेघ फाटते. उद्या दुकानात जाऊन टर्पेंटाइनची बाटली घ्या आणि ती थिनरची बाटली गॅरेजला परत करून टाका. दुसरंही एक कारण आहे. चुकलेली रेघ पुसायला तुम्ही उद्या तेच थिनर बाबांच्या टाकीवर फिरवलंत, तर रेघेबरोबर खालचा काळा रंगही बोळ्यावर येईल.

आता रंगाबद्दल जरा सविस्तर लिहितो. व्हिडिओत हा भाग कापलेला असतो किंवा वेग वाढवून दाखवलेला असतो, आणि खरं तर निम्मं काम इथेच होतं.

डब्यातला रंग आधी ढवळा, साय धरली असेल तर जुन्या नायलॉनच्या मोज्यातून गाळून घ्या. बाटलीच्या एका झाकणात थोडा रंग, दुसऱ्या झाकणात टर्पेंटाइन. समोर एक चकचकीत जाड कागद ठेवा. मासिकाचं मुखपृष्ठ चालतं, जुनी लग्नपत्रिका तर फारच छान. ब्रश टर्पेंटाइनमध्ये ओला करा, मग रंगात बुडवा आणि कागदावर ओढा. एकदा या अंगानं, एकदा त्या अंगानं, एकाच पट्ट्यावर पुढेमागे, दहा-पंधरा वेळा. आमच्याकडे याला ब्रशला रंग पाजणं म्हणायचे. रंग नुसता केसांच्या बाहेर चिकटून उपयोग नाही, तो मुळापासून टोकापर्यंत आत भिनायला हवा. पाजून झाल्यावर ब्रश बाजूनं बघा. सगळे केस एकत्र येऊन सुरीच्या पात्यासारखे चपटे झालेले दिसले पाहिजेत, आणि टोकाला थेंब लोंबता कामा नये. तुमच्या रेघेची सुरुवात फुगते ती या थेंबामुळेच.

रंग बरोबर झाला हे हाताला कळतं. घट्ट असला की ब्रश कागदावर अडखळतो, ओढावा लागतो. फार पातळ असला की रेघ पसरते, काळ्यावर विटकी दिसते आणि उभ्या पत्र्यावर खाली ओघळते. नीट बसलेला रंग तेल लावलेल्या तव्यावरून घावन सुटतं तसा सुटतो. रोध जाणवतो, पण अडत नाही. एकदा हे बोटांना कळलं की पुढे मोजमापाची गरज राहत नाही. कागदावरचा रंग काम करता करता घट्ट होत जातो, म्हणून दर दोन-तीन रेघांनंतर ब्रशचं टोक टर्पेंटाइनला लावून परत पाजायचा. उन्हाळ्यात हे जास्त वेळा करावं लागतं. पावसाळ्यात रंग लवकर आळत नाही, पण वाळायलाही वेळ घेतो, आणि ओल्या रेघेवर चिलटं येऊन बसतात.

परदेशात या कामाला वन शॉट नावाचा रंग वापरतात, 1948 पासून तो पाट्या रंगवणाऱ्यांच्या हातात आहे. त्याचा रंग दाट असतो, एकाच थरात खालचा रंग झाकतो. पण शिकायला तोच हवा असं अजिबात नाही. साधं चांगल्या कंपनीचं सिंथेटिक इनॅमल घ्या, आणि सरावासाठी पांढरं किंवा फिकट पिवळं घ्या. सोनेरी आत्ता नको. सोनेरीत धातूची पूड असते, ती तळाला बसते, ब्रशमध्येही सारखी राहत नाही. शिकताना चूक कुणाची, हाताची की रंगाची, हेच कळत नाही.

ब्रशचं म्हणाल तर तुम्ही योग्य जातीचा घेतलाय. हा ब्रश मुळात घोडागाड्यांच्या कारखान्यांतला. बग्गीच्या चाकांच्या आऱ्यांवर, दांड्यांवर रेघा मारणाऱ्यांना लांब केसांचा, आखूड दांडीचा ब्रश लागायचा. अमेरिकेत मिशिगनमध्ये मॅक नावाचा ब्रशचा कारखाना 1891 पासून हेच बनवतोय. केस दोन इंचांच्या आसपास लांब असतात. नवख्या माणसाला वाटतं, एवढे लांब केस कसे आवरायचे? पण ती लांबीच तुमच्या कामाची आहे. रेघ मारताना जवळजवळ सगळे केस पत्र्यावर आडवे झोपलेले असतात आणि मागून ओढले जातात. बोटांतली बारीक थरथर टोकापर्यंत पोचायच्या आत त्या लांबीत जिरून जाते. मुलांच्या चित्रकलेचा आखूड, बारीक ब्रश घेऊन हीच रेघ मारून बघा, थरथर लगेच कागदावर उतरेल. म्हणून ज्याचा हात हलतो त्याला तर हाच ब्रश हवा. माझ्या उस्तादांचा हात उतारवयात चहाचा कप धरताना हलायचा. कपातला चहा बशीत सांडायचा. त्याच हातानं ते सायकलच्या दांडीवर रेघ मारायचे ती एका दमात, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

फोटोवरून तुमचा ब्रश दोन शून्यांचा, म्हणजे 00 नंबरचा दिसतो. शिकायला हाच ठीक आहे. चार शून्यांचा बारीक दिसतो म्हणून त्यावर जाऊ नका. त्यात रंग कमी मावतो, रेघ लवकर संपते. रेघेची जाडी ब्रशच्या नंबरापेक्षा दाबावर ठरते. केस आणखी झोपवले की जाड, उचलले की बारीक. खारीच्या केसांचा ब्रश उत्तम, पण हल्ली कृत्रिम धाग्याचेही चांगले मिळतात. एक मात्र बघा, कुणी मुंगसाच्या केसांचा ब्रश देऊ केला तर घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याच्या विक्रीला बंदी आहे, तरी बाजारात चोरून विकला जातो. एका ब्रशापायी जिवंत मुंगूस मारलं जातं, आपल्या हातून ते व्हायला नको.

काम झालं की ब्रश टर्पेंटाइनमध्ये दोन-तीनदा स्वच्छ धुवायचा, मुळाशी रंग राहता कामा नये. मग त्याला तेल. गाडीचं इंजिन ऑइल चालतं. दोन बोटांत तेल घेऊन केस चपटे करायचे, तलवारीचा आकार द्यायचा आणि काचेच्या पट्टीवर आडवे झोपवून ठेवायचे. पेल्यात उभा ठेवलात तर केस वाकतात आणि मग आयुष्यभर वाकडेच चालतात. दुसऱ्या दिवशी काम सुरू करण्याआधी हे तेल पूर्ण धुऊन काढायचं. इथे माझ्याकडून एकदा फार वाईट चूक झाली. घाई होती, सकाळी गिऱ्हाईक दारात उभं, मी ब्रश एकदाच बुडवून झटकला आणि कामाला बसलो. टाकीवर रेघ सुरेख आली. महिनाभरानं तो माणूस परत आला, त्यानं नखानं रेघेचं टोक उचललं आणि वीतभर रेघ पापडासारखी सुटून आली. रंगात तेल गेलं होतं, त्यानं पत्रा धरलाच नव्हता. त्याच्या चेहऱ्यावरचा विश्वास उडालेला मला दिसला. तेव्हापासून मी ब्रश तीन वेगळ्या झाकणांत धुतो, आणि तिसऱ्या झाकणातलं टर्पेंटाइन नितळ राहिलं तरच रंगाला हात लावतो.

आता बसायचं कसं. तुम्ही रांगोळी काढता, म्हणून मला हे सांगणं सोपं आहे. ठिपक्यांची रांगोळी काढताना तुमची नजर कुठे असते? चिमटीकडे नसते. पुढच्या ठिपक्यावर असते, आणि रांगोळीची रेघ आपोआप तिकडे जाते. इथेही तसंच. नजर ब्रशच्या टोकाच्या दोन-तीन बोटं पुढे, जिथे जायचंय तिथे. टोकाकडे बघत राहिलात की प्रत्येक मिलिमीटरला दुरुस्ती करायला जाल, आणि त्या दुरुस्त्याच रेघेत वाकड्या दिसतील.

ब्रश अंगठा आणि तर्जनी यांच्यात, अगदी खाली, केस जिथे दांडीत शिरतात तिथे धरा. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट पत्र्यावर टेकवा. ती बोटं तुमचा पाय आहेत, त्यांवर हात घसरत जाईल. मनगट आणि बोटं शांत, हालचाल कोपर-खांद्यातून, लांब रेघ असेल तर कमरेतून. रेघ नेहमी स्वतःकडे ओढायची, पुढे ढकलायची नाही. टोक अलगद टेकवा, केस झोपू द्या, मग निघा. थांबताना हळूहळू उचला. व्हिडिओतले लोक श्वास रोखून धरतात असं तुम्हाला वाटलं असेल. रोखू नका, सावकाश सोडत ओढा. रोखलेला श्वास खांद्यात जातो आणि खांदा दगडासारखा होतो. आणि फार हळू ओढू नका. नवशिका माणूस सावध राहतो म्हणून मुंगीच्या पावलानं जातो, आणि थरथर खरी तिथेच दिसते. सायकल हळू चालवली की डुगडुगते तसं आहे ते.

वळणावर ब्रश दोन बोटांत फिरवायचा असतो, काडेपेटीची काडी चिमटीत फिरवतो तेवढाच. केसांचं पातं नेहमी रेघेच्या दिशेला तोंड करून राहिलं पाहिजे. मनगट वळवून हे होत नाही, वळणावर रेघ रुंदावते. याला वेळ लागतो. मला चार-पाच महिने लागले होते.

पत्र्यावर सराव करताय तो थांबवा. गंजलेला, ओरखडे पडलेला पत्रा केस पकडतो. जुन्या खिडकीची काच घ्या, कडा सँडपेपरनं बोथट करा किंवा टेप लावा म्हणजे हात कापणार नाही. काचेखाली आलेखाचा कागद ठेवा. एक बोट अंतरावर सरळ रेघा ओढा, फूटभर लांब. काच भरली की टर्पेंटाइनच्या बोळ्यानं पुसा, परत सुरू. रोज वीस मिनिटं पुरे, रविवारी तासभर बसण्यापेक्षा ती जास्त उपयोगी. पंधरा दिवसांनी मोठी वळणं, डावीकडची आणि उजवीकडची. तुम्हाला एका बाजूचं वळण सोपं जाईल आणि दुसरं अवघड. अवघड जाणारं दुप्पट काढा. घरात फ्रिजचा जुना दरवाजा असेल तर त्यावरही करून बघा, कारण टाकी टेबलासारखी आडवी नसते आणि उभ्या पत्र्यावर हात वेगळा चालतो. पुसायचे बोळे चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ऑइल पेंट लागलेले बोळे ढिगात आपोआप तापतात, पेटूही शकतात. उघड्यावर पसरून वाळू द्या, मग टाका. खोलीची खिडकी उघडी ठेवा.

तुम्ही विचारलंत, आपल्याकडे कुणी शिकवतं का. व्हिडिओत बघता त्या एकमेकांत गुंतलेल्या, डाव्याउजव्या सारख्या नक्ष्या अमेरिकेतल्या आहेत. 1950 च्या दशकात लॉस एंजेलिसकडे जुन्या गाड्या सजवणाऱ्या पोरांमध्ये त्यांचं वेड पसरलं. व्हॉन डच या नावानं ओळखला जाणारा केनेथ हॉवर्ड हा त्यातला सगळ्यांत गाजलेला. 1929 साली जन्मला, 1992 साली गेला. त्याचे वडील पाट्या रंगवायचे. इंग्लंडमध्ये गुडवुडला रोल्स-रॉइसच्या गाड्यांच्या अंगावरची लांब रेघ अजून हातानं मारतात. मार्क कोर्ट नावाचा माणूस ती मारण्यासाठी प्रसिद्ध आहे, आणि तोही आधी पाट्याच रंगवायचा. हे मी मुद्दाम सांगतोय. रेघ मारणारा माणूस बहुतेक वेळा पाट्या रंगवणाऱ्यांतूनच आलेला असतो.

आणि तुमच्या टाकीवरची रेघ तर आणखी जवळची आहे. बुलेटच्या टाक्यांवरची रेघ चेन्नईला हातानंच ओढतात. जयकुमार आणि किशोर हे दोघे भाऊ त्या कामासाठी जगभर ओळखले जातात. घरातल्या मोठ्यांकडून आलेला हात आहे तो. टेप नाही, पट्टी नाही. टाकी समोर आली की ब्रश भरायचा आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत वळणासकट एका दमात रेघ. त्यांच्या कामाचे व्हिडिओ शोधून बघा, अमेरिकेतल्या नक्ष्यांपेक्षा तुमच्या उपयोगाचं तिथे जास्त सापडेल. आवाज बंद करून बघा, फक्त खांदा आणि कोपर.

साताऱ्यात क्लास मिळणार नाही. पण फ्लेक्स येण्याआधी दुकानांच्या पाट्या हातानं रंगवणारे पेंटर गावोगाव होते. त्यातले काहीजण अजून आहेत, नंबरप्लेट रंगवतात, शाळांच्या भिंती करतात, ट्रकच्या मागची अक्षरं काढतात. मंडईच्या मागच्या गल्लीत, ट्रक उभे राहतात तिथे, एसटी स्टँडच्या आसपास चौकशी करा. असा माणूस सापडला तर शिकवा असं लगेच म्हणू नका. काच आणि ब्रश घेऊन जा, दोन रेघा त्यांच्यासमोर मारा आणि काय चुकतंय ते विचारा. हातातलं काम बाजूला ठेवून ते सांगतील. वर्षानुवर्षं त्यांना हे कुणी विचारलेलं नसतं.

आता टाकी. गॅरेजवाल्यांना कृपा करून नाही सांगा. काळा रंग शाबूत असेल, फुगे आलेले नसतील, तर टाकी घासायचं काही कारण नाही. पुसली गेली आहे ती फक्त वीतभर रेघ. बाकीची रेघ जवळजवळ चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी चेन्नईतल्या तिरुवोट्टियूरच्या कारखान्यात उभं राहून हातानं ओढलेली आहे. ती घासून काढलीत तर परत आणता येणार नाही, आणि बाबांच्या गुडघ्याची जागाही त्याबरोबर जाईल. आहे तेवढी राखा, गेली आहे तेवढी जोडा. माझा आग्रह याच बाजूचा आहे.

पहिलं काम नोंदीचं. बटर पेपर टाकीवर चिकटपट्टीनं बसवा आणि दोन्ही बाजूंची रेघ पेन्सिलनं उतरवून घ्या. गुडघ्याच्या रबराची कड, बॅजची जागा, टाकीचा जोड, सगळ्या खुणा करा. डाव्या बाजूचा कागद उलटा करून उजव्या बाजूवर ठेवलात की हरवलेल्या तुकड्याचं वळण कळेल. ते तंतोतंत बसणार नाही. हाताच्या दोन रेघा कधी तंतोतंत बसत नाहीत, एखाददुसऱ्या मिलिमीटरचा फरक निघेल. उजवीची उरलेली टोकं जिकडे बोट दाखवतात तिकडे जा, डावीची नक्कल करू नका.

वळण टाकीवर उतरवायला भरतकामाच्या दुकानाची युक्ती वापरा. साडीवर नक्षी छापून देणारे ट्रेसिंग पेपरला सुईनं जवळजवळ भोकं पाडतात आणि वरून नीळ-रॉकेलचा बोळा फिरवतात. तुम्ही नीळ-रॉकेलऐवजी कापडाच्या पुरचुंडीत खडूची पूड बांधा आणि भोकांवर आपटा. काळ्या टाकीवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ उमटेल. ठिपके जोडायचं काम तर तुम्ही रोज उंबऱ्यावर करता. पूड फुंकरीनं उडवा, फक्त पुसट खूण राहू द्या, जास्त राहिली तर रंग तिच्यावर बसेल आणि निघून येईल.

टेपचं विचारलं नाहीत, पण गॅरेजवाले सुचवतील. दोन टेप लावून मध्ये रंग भरला तर कडेला उंच कंगोरा येतो, बोट फिरवलं की लागतो, आणि तुमच्या जुन्या रेघेशेजारी तो तुकडा परका दिसेल. एकच टेप खुणेपासून अर्धा बोट खाली लावून तिच्याकडे नजर ठेवून रेघ मारली तर चालतं. ती फक्त सोबतीला. तीन मिलिमीटरची बारीक टेप मिळते, ती वळणावर नीट वळते, रुंद टेपला चुण्या पडतात.

रंग मारायच्या आधी टाकी साबणाच्या कोमट पाण्यानं धुवा, कोरडी करा. वर्षानुवर्षांचं पॉलिश तिच्यावर असणार, आणि पॉलिशमधल्या सिलिकॉनवर रंग थेंबाथेंबानं फाटतो, माशाच्या डोळ्यांसारखी भोकं पडतात. म्हणून जिथे रेघ येणार तेवढी पट्टी टर्पेंटाइनच्या स्वच्छ कापडानं दोन-तीनदा पुसा, दर वेळी कापडाची नवी बाजू. हे आधी टाकीच्या खालच्या, न दिसणाऱ्या भागावर करून बघा. कापडावर काळा रंग आला तर थांबा आणि मला कळवा. पेट्रोल काढून टाकी गाडीवरून उतरवा, मांडीच्या उंचीवर गोणपाटावर नीट बसवा. गाडीवर असताना वाकून मारायला जाल तर कंबर आखडते.

सोनेरी रंग नवा असताना तुमच्या जुन्या रेघेपेक्षा लखलखीत दिसेल. त्यात थेंबभर तपकिरी मिसळून बघा. जमलाय का ते कळायला सरावाची काचच घ्या. काचेवर एक रेघ मारा आणि ती काच जुन्या रेघेशेजारी टाकीवर धरा, दिवसाच्या उजेडात, सावलीत. उन्हात बघू नका आणि ट्यूबलाइटखालीही बघू नका. चार-पाच काचरेघा होतील, कंटाळू नका.

मग रेघ. उघड्या जागेच्या सुरुवातीला ब्रश टेकवू नका. जुन्या रेघेवर दोन बोटं मागे टेकवा, तिच्यावरून चालत उघड्या जागेत या, पार करा आणि पलीकडच्या जुन्या रेघेवर चढून दोन बोटांत ब्रश उचला. टेकवलेलं आणि उचललेलं टोक जुन्या सोनेरीवरच पडतं, म्हणून जोड दिसत नाही. बिघडली तर घाबरायचं कारण नाही. बोटाला कापड गुंडाळा, टर्पेंटाइनचा एक थेंब, आणि ओली असतानाच पुसून टाका. दहा वेळा पुसली तरी कुणाला कळणार नाही. वाळल्यावर मात्र दुरुस्ती नाही.

रात्रभर वाळू द्या, पण बोटानं चाचपू नका. पुढचे तीन-चार आठवडे पॉलिश नको, आणि पेट्रोल भरताना टाकीवर फडकं धरा, ओघळ आला तर ताबडतोब पुसा. नव्या रेघेला पेट्रोल सोसत नाही. वरून क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर, मारू असं कुणी म्हणेल. ताज्या ऑइल पेंटवर हार्डनर मिसळून मारायचा दोन भागांचा क्लिअर मारला तर रेघेला सुरकुत्या येतात, म्हणून ते नको.

दसऱ्याचं स्पष्ट सांगतो. काचेवर फूटभराच्या दहा रेघा ओळीनं मारा. त्यातल्या आठ पुसाव्याशा वाटल्या नाहीत, आणि असं सलग तीन दिवस झालं, तर टाकी उतरवा. त्याआधी भंगारवाल्याकडून एखादं जुनं मडगार्ड आणून त्यावर हीच वीतभर रेघ, हाच जोड, निदान पाच वेळा करा. दसऱ्यापर्यंत तिथवर पोचलात तर उत्तमच. नाही पोचलात तर पुसलेल्या रेघेसकट गाडीला हळद-कुंकू वाहा, झेंडूचा हार घाला. बाबांनीही कित्येक वर्षं ती तशीच पुजली असणार.

आज रात्री सराव नको. ब्रश टर्पेंटाइनमध्ये धुवा. गॅरेजच्या थिनरनं मुळाशी रंग आळला असेल, तो बोटांनी चोळून सुटतो का बघा. सुटला तर तेल लावून काचेवर झोपवा. नाही सुटला तर तो ब्रश गेला, दुसरा मागवा, तोवर खिडकीची काच आणि आलेखाचा कागद शोधून ठेवा. बटर पेपरवर दोन्ही रेघा उतरवल्या की त्यांचा फोटो मला पाठवा. वळण कुठून उचलायचं ते आपण मिळून ठरवू.